अपेक्षित उत्तर

नलिनीबाईंना जाऊन वर्ष झालं. त्या रविवारी त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भीमराज 'दोन शब्द' बोलायला उठला, आणि पंतनगरच्या त्या सोसायटी हॉलमधल्या जाणत्या मंडळींनी गुपचूप भिंतीला पाठ टेकली. आपल्या माणसांत दोन शब्द बोलायला उठलेला माणूस किती बोलतो, याचा त्यांना अनुभव होता. भीमराज हा नलिनीबाईंच्या यजमानांचा, भाऊरावांचा पुतण्या. काकूंच्या हातच्या भाकरीपासून त्यानं सुरुवात केली, तिथून इमारतीच्या पुनर्विकासावर आला, मग मलनिस्सारणाच्या वाहिनीत उतरला आणि पुन्हा काकूंपर्यंत वर येईस्तोवर फोटोसमोरच्या मेणबत्त्या अर्ध्या झाल्या.

भाऊराव पांढऱ्या सदऱ्यात पहिल्या खुर्चीवर बसून फोटोकडे बघत होते. नलिनी असती तर म्हणाली असती, कुणीतरी याला पाणी द्या रे, तेवढाच थांबेल. कुणी पाणी दिलं नाही.

सूत्रसंचालन नातीकडे, चेतनाकडे होतं. हा ठराव तिच्या वडिलांचा, चंद्रप्रकाशचा. "बी.एड. करतेय ती. बोलायचंच शिक्षण घेतेय. तिच्यापेक्षा चांगलं कोण बोलणार?" असं तो आठवडाभर सगळ्यांना फोनवर सांगत होता. दोन वर्षांपूर्वी 'बी.एड.ला गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस' म्हणणारा चंद्रप्रकाश तो हाच. पण माणसानं बदलू नये असं थोडंच आहे?

चेतना बोलत होतीही सुरेख. ताठ उभी, नजर सगळीकडे फिरती, आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत. प्रत्येक वक्त्यानंतर ती न चुकता म्हणायची, "खूप छान! अगदी योग्य मुद्दा मांडलात." भाऊरावांना आधी अभिमान वाटला. मग चपलेत खडा गेल्यासारखं काहीतरी टोचायला लागलं. आवाज तिचाच होता, पण कुणीतरी इस्त्री करून आणल्यासारखा. लॉकडाऊनमध्ये जुन्या चाळीच्या जिन्यावर पोरं गोळा करून शिकवायची, तेव्हाचा तिचा आवाज चुरगळलेला होता. मध्येच अडायचा, मध्येच हसायचा. पोरांनी भलतंच काही सांगितलं की ती हातातला खडू विसरून ऐकत बसायची, आणि खालच्या पायरीवर पेपर वाचायचं सोंग करून बसलेले भाऊराव मनात म्हणायचे, ही होणार. हिला कुणी सांगावं लागणार नाही.

शेवटी भाऊरावांची पाळी आली.

उभी हयात पालिकेच्या शाळेत बोलण्यात गेलेला माणूस माइक धरून नुसताच उभा राहिला. मग म्हणाले, "शेवटी शेवटी नलिनी मला ओळखत नव्हती. मला मास्तर म्हणायची. 'मास्तर, आमचे हे आले का हो शाळेतून?' असं मलाच विचारायची. मी म्हणायचो, येतील हं, वाटेत असतील." ते थांबले. "त्यावर ती बरं म्हणायची आणि दाराकडे बघत बसायची. तशीच बघत गेली. मी शेजारी होतो, आणि तिच्या हिशेबानं मी काही पोचलोच नाही."

ते खाली बसले. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मागे कुणीतरी हुंदका दिला.

आणि त्या शांततेत चेतनाचा स्वच्छ, खणखणीत आवाज आला, "छान! अगदी बरोबर! आजोबांसाठी जोरदार टाळ्या!"

पुढच्या सतरंजीवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सवयीनं दोन-चार मोठ्यांनीही वाजवल्या. मग काय झालं ते एकेकाच्या लक्षात येत गेलं, तशा टाळ्या एकेका हातानं लाजून थांबल्या. चेतनाच्या लक्षात सगळ्यांत शेवटी आलं. तिनं माइक फोटोशेजारी फुलांत ठेवला आणि ती लिफ्टकडे न जाता जिन्यानं वर निघून गेली.

भाऊरावांची मोठी मुलगी शकू, तिनं माइक उचलला. तिला सवय होती. ती बालवाडीत शिकवते, तिथं रोज कुणीतरी रडत पळून जातं. "सर्वांनी जेवून जावं," ती म्हणाली. "वांग्याची भाजी गरम आहे."

*

जेवणं उरकली, पाहुणे गेले. भीमराज जाताना चंद्रप्रकाशला बाजूला घेऊन 'पोरगी जरा दाखवून घे कुणाला' असं सांगून गेला, आणि हे सांगणं बाजूला घेऊन असलं तरी सगळ्यांना ऐकू गेलं. नवव्या मजल्यावरच्या घरात आता घरचीच माणसं उरली. चेतनाची आई आत भांडी आवरत होती; तिला जे म्हणायचं होतं ते ती भांड्यांकरवी म्हणत होती.

"लाज नाही वाटली?" चंद्रप्रकाशनं सुरुवात केली. "समोर आजीचा फोटो. आजोबा रडतायत. आणि ही टाळ्या मागते!"

"तोंडातून गेलं रे चंदू," शकू म्हणाली. "होतं माणसाचं."

"तोंडातून गेलं नाही, आत्या." चेतना खिडकीशी पाय पोटाशी घेऊन बसली होती. "सवय आहे ती. समोरचा बोलायचा थांबला की लगेच शाब्बास म्हणायचं. प्रबलन म्हणतात त्याला. कॉलेजात आम्ही एकमेकींवर प्रॅक्टिस करतो. पंचवीस-पंचवीस वर्षांच्या बायका सहावीतली पोरं होऊन बाकावर बसतात, हात वर करतात. त्यांना शाब्बास म्हणायचं. नाही म्हटलं तर मार्क जातात. ऐकलं नाही तर काही जात नाही."

"अगं, पण इथे काय मार्क होते का?" चंद्रप्रकाश म्हणाला.

"तेच तर सांगतेय, पप्पा." ती म्हणाली. "मी उद्याचा पाठ घेणार नाही. सोडतेय मी बी.एड."

आतली भांडी थांबली.

उद्याचा पाठ म्हणजे शेवटचा पाठ. देवनारच्या एका शाळेत, सहावीच्या वर्गात. बाहेरच्या परीक्षक येऊन मागच्या बाकावर बसणार, आणि चेतनाला शिकवता येतं की नाही ते ठरवून जाणार. तो नाही घेतला की दोन वर्षं पाण्यात. हे घरातल्या मांजरालाही ठाऊक झालं असतं, इतक्यांदा चंद्रप्रकाशनं ते सांगितलं होतं; पण घरात मांजर नव्हतं.

"वेड लागलंय का?" तो ओरडला. "दोन वर्षांपूर्वी मी हात जोडत होतो, बँकेच्या परीक्षा दे म्हणून. तेव्हा कोण म्हणालं, मला शिकवायचंच आहे? मी म्हणालो? आता पूर्ण करायचं. डिग्री हातात घे, मग नको शिकवूस. कोण सांगतंय शिकव म्हणून?"

"पप्पा, हे भारी आहे," सम्यक म्हणाला. चेतनाचा हा धाकटा भाऊ साकीनाक्याला मोबाइलवरचे धडे बनवणाऱ्या कंपनीत होता. "शिकवायचं नसेल तर डिग्री घे! ए चेतू, तू आमच्याकडे ये ना यार. कॅमेऱ्यासमोर बोलायचं फक्त. पोरं समोर नसतातच. नो टेन्शन."

"तू गप रे!" चंद्रप्रकाश आणि चेतना एकदमच म्हणाले. त्या दुपारी त्या दोघांचं एकमत झालं ते तेवढंच.

"अगं शकू, तू तरी सांग तिला," चंद्रप्रकाश बहिणीकडे वळला. "तू डी.एड. केलंस. तुला कळतं यातलं."

भाऊरावांनाही वाटलं, शकू आता सांगेल. जिल्ह्यात पहिली आली होती शकू. भरती निघेल, निघेल म्हणत तिनं केस पांढरे केले, आणि शेवटी बालवाडीत पोरांची नाकं पुसायला लागली. पण शिक्षकी सोडली नाही. तिच्याकडून हेच उत्तर येणार.

"सोड," शकू म्हणाली.

"काय?"

"सोडू दे तिला, चंदू. मला शिकवायचं होतं, तर कुणी वर्ग दिला नाही. हिला वर्ग मिळतोय, तर हिचं मन उडालंय. मन उडालेल्या बाईच्या हाती वर्ग देऊ नये. मी रोज बघते तसल्या बायका. त्या काही वाईट नसतात रे. त्या नुसत्या असतात."

चंद्रप्रकाशनं कपाळावर हात मारला आणि बापाकडे पाहिलं. "अण्णा, आता तुम्हीच बोला. तुमचं ऐकते ती."

भाऊरावांना आपले गुणाजी गुरुजी आठवले. भाऊराव स्वतः अध्यापक विद्यालयात गेले ते वसतिगृहात दोन्ही वेळचं जेवण होतं म्हणून. शिकवायची आवड वगैरे पक्वान्नं त्यांच्या पानात कुणी वाढलीच नव्हती. गुणाजी गुरुजींनी पहिला महिनाभर त्यांच्या हातात खडूच दिला नाही. गावच्या शाळेत मागच्या बाकावर बसवायचे आणि संध्याकाळी विचारायचे, "पोरं काय बोलली ते सांगा. तुम्ही काय बोलायचं ते मग बघू." महिना संपता संपता भाऊरावांची वाट लागली होती, दुसरं काही करावंसंच वाटेना. असे ते पोटासाठी गेले आणि मास्तर होऊन आले. आणि ही पोरगी मास्तरीण होऊनच गेली होती.

"झालं काय, ते सांग," ते म्हणाले. "आजचं नको. त्याच्या आधीचं."

चेतनानं त्यांच्याकडे पाहिलं.

"आजोबा, आमच्या पाठाच्या टाचणात प्रश्न असतो ना, त्याच्याखाली अपेक्षित उत्तर लिहायचं असतं. आदल्या दिवशीच. पोरं शाळेत यायच्या आधी त्यांची उत्तरं लिहून तयार." ती किंचित हसली. "माझी कविता होती आईवरची. सुरुवातीचा प्रश्न: शाळेत यायला सकाळी तुम्हाला कोण उठवतं? अपेक्षित उत्तर: आई. मयूरी म्हणून मुलगी आहे, देवनारच्याच वर्गात, पहिल्या बाकावर. तिनं हात वर केला. मी म्हटलं, सांग. ती म्हणाली, 'कुणी नाही टीचर, आई वारली ना. मीच उठते. मग बाबांना उठवते.'"

"मग?" शकूनं हळूच विचारलं.

"मी म्हटलं, शाब्बास! अगदी बरोबर! टाळ्या वाजवा हिच्यासाठी." चेतनानं नाक पुसलं. "वर्गानं वाजवल्या. मागे कॉलेजच्या मॅडम बसल्या होत्या. त्यांनी शेरा दिला, प्रबलन उत्तम. प्रस्तावना वेळेत."

सम्यकनं हातातला मोबाइल उलटा ठेवला.

"पुढच्या आठवड्यात तोच पाठ पुन्हा घ्यायचा होता, दुसऱ्या मॅडमसमोर. मी तो प्रश्न काढणार होते. पण मंजूर टाचणात बदल चालत नाही म्हणाल्या. म्हणून मग मी वर बघतच विचारलं. मुद्दाम त्या बाजूला बघितलंच नाही. तर मयूरीच उभी राहिली, हात वर न करता. आणि मोठ्यांदा म्हणाली, 'आई, टीचर! आई उठवते!'"

चेतनानं पाय आणखी पोटाशी ओढले.

"मुलांनीच सांगितलं असणार तिला, बरोबर उत्तर काय ते. ती उभीच राहिली हो आजोबा. माझ्याकडे बघत. टाळ्यांसाठी."

"तू काय केलंस?" भाऊरावांनी विचारलं.

"वाजवल्या."

आतून चेतनाची आई ओले हात घेऊन आली आणि पदराला हात न पुसताच तिच्या शेजारी बसली. चंद्रप्रकाश उठला, खिडकीपाशी गेला, तिथं बघण्यासारखं काही नसल्यामुळे परत आला. "तरीपण," तो म्हणाला. "तरीपण अण्णा, तुम्ही सांगा."

सगळे भाऊरावांकडे बघत होते. चेतनाही बघत होती.

भाऊरावांना या नातीचा एकदा तरी भरलेला वर्ग बघायचा होता. नलिनीलाही सांगून झालं होतं: चेतना लागली शाळेत की तुला घेऊन जाईन, मागच्या बाकावर बसू दोघं. आता निदान आपण एकटे जाऊन बसू, एवढं त्यांनी मनाशी ठेवलं होतं. या घरात आता तिच्यानंतर मास्तरकीकडे बघणारं कुणी नव्हतं. एक शब्द टाकला असता तर ती गेली असती. पण त्यांना वाटलं, या पोरीला दोन वर्षं सगळ्यांनी ढकललंच आहे. निदान आपण तरी ढकलू नये. माया म्हणजे शेवटी हात सोडणंच, असलं काहीतरी त्यांच्या मनात आलं. म्हातारपणी अशी वाक्यं फार येतात, आणि ती खरी वाटतात.

"नको जाऊस," ते म्हणाले. "नसेल जायचं तर नको जाऊस, बाळा. मी काही म्हणणार नाही."

शकूनं सुटकेचा श्वास सोडला. चंद्रप्रकाश 'अण्णा!' म्हणून ओरडला. आणि चेतनाचा चेहरा असा उतरला, की भाऊरावांना वर्गातल्या सगळ्या पोरांचे चेहरे आठवले. चुकीच्या बेरजेवर लाल रेघ मारल्यावर उतरतात तसे.

"तुम्हालाही असंच वाटतं?" ती म्हणाली.

"काय?"

"मला जमणार नाही असं."

"अगं, मी तुझ्यासाठी..."

"मला वाटलं तुम्ही रागवाल." तिचा आवाज आता पार चुरगळला होता. "वाटलं, तुम्ही म्हणाल, उठ, आधी त्या पोरीकडे जा. तिला सांग माझं चुकलं. आणि मग मर मर शिकव, पण शिकव. पप्पा ओरडणार, आत्या सोड म्हणणार, ते मला माहीत होतं. एवढं एकच कुणीतरी म्हणेल असं वाटलं होतं. म्हणून तर सगळ्यांसमोर सांगितलं."

भाऊराव खुर्चीतून अर्धे उठले. "मग जा ना गं! तेच म्हणतोय मी. जा उद्या. मी येतो तुझ्याबरोबर. मी फाटकापाशी बसतो, तू त्या मुलीला भेट, मग..."

"आता नको, आजोबा." ती उठली. "आता मी सांगितलं म्हणून तुम्ही म्हणताय."

ती त्यांच्याजवळ आली, त्यांच्या सदऱ्याची चुकीच्या काजात गेलेली गुंडी तिनं काढून नीट लावली आणि आतल्या खोलीत गेली. तिनं दार आपटलं नाही. आपटलं असतं तर भाऊरावांना जरा बरं वाटलं असतं.

*

सोमवार उजाडला. देवनारला जायचं तर आता निघायला हवं, ती वेळ आली तेव्हा भाऊराव स्वयंपाकघरात जमिनीवर बसून उपम्यासाठी मटार सोलत होते. त्यांनी बाहेरचे कपडे घातले होते, त्याबद्दल कुणी विचारलं नाही. चेतना आतून आली. घरातल्याच कपड्यांत होती, केस विंचरलेले नव्हते. क्षणभर उभी राहिली, मग मांडीवर ताट घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि टोपलीतली एक शेंग उचलली.

दोघं सोलत राहिले. तिच्या शेंगा भराभर होत होत्या, त्यांच्या सावकाश. चंद्रप्रकाश एकदा दारात येऊन पाहून गेला. तो काही बोलला नाही, यावरून काय समजायचं ते त्यांनी समजून घेतलं.

"गोड आहेत," भाऊराव म्हणाले.

"हं."

आता ती गाडीत बसली असती. आता उतरली असती. भाऊराव घड्याळाकडे बघत नव्हते, आणि ती बघत नाहीये हे त्यांना दिसत होतं. गुणाजी गुरुजींनी शिकवलेलं सगळं त्यांना पाठ होतं, पण समोर बसलेल्या या मुलीला आता काय विचारावं ते त्यांना सुचत नव्हतं. विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं. ती शहाणी मुलगी होती. त्यांना त्या उत्तराचीच भीती वाटत होती.

इमारतीमागच्या शाळेत कर्णा खरखरला, कुणीतरी त्यावर फुंकर मारली, आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

भाऊराव उठले. गुडघ्यावर हात टेकून, ओट्याला धरून, पण उठलेच. आयुष्यभराची खोड ती. आणि त्यांच्यासमोर चेतनाही झटक्यात उठली. तिच्या मांडीवरचं ताट कलंडलं, आणि सोललेले मटार फरशीवर टणटणत फ्रिजखाली, दाराकडे, चारी दिशांना पळाले. दोघांपैकी कुणीच हललं नाही. स्वयंपाकघरात आजोबा आणि नात ताठ उभे होते, हात खाली, नजर समोर. खालून शेकडो पोरांचा बेसूर आवाज वर येत होता. चेतनाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती हात उचलत नव्हती.

राष्ट्रगीत संपलं. शाळा भरली. मग दोघंही खाली बसले आणि मटार वेचायला लागले.